उद्या जाऊ या!

आमच्या घरात सहलीला जायचे ठरले की सर्वांत आधी एक तक्ता जन्माला येतो. बॅगा, चपला, पाण्याच्या बाटल्या या सगळ्या गोष्टी नंतरच्या, तक्ता आधी! आमची सौभाग्यवती शाळेत गणित शिकवते. त्यामुळे रकाने आखल्याशिवाय तिला कोणतीच गोष्ट खरी वाटत नाही. उलट मी पडलो मराठीचा प्राध्यापक. ‘ललित निबंध म्हणजे मनाची मुक्त भटकंती’ हे वाक्य गेली अठरा वर्षे मी कन्नडच्या मुलामुलींना सांगत आलो आहे, आणि त्यांनीही ते गेली अठरा वर्षे उत्तरपत्रिकेत मला निमूटपणे परत केले आहे. अशा माणसाला तक्त्याच्या तिसऱ्या रकान्यात ‘सकाळी ७.१० – नाश्ता (पोहे)’ असे वाचावे लागले, तर त्याच्या मनाचे काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही इमॅजिकाला जाऊन आलो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत, खोपोलीजवळ हे मनोरंजन-उद्यान २०१३ साली उघडले. कन्नडहून तिथवर साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. रस्त्याने ते एका दिवसात कापता येते. आम्हाला मात्र जानेवारीपासून मे उजाडला. प्रथम व्हॉट्सअॅपवर ‘मे सहल’ नावाचा गट निघाला. माझी ताई पुण्याला असते, तीही त्यात आली. मग त्याचे नाव ‘मे सहल अंतिम’ झाले, आणि एप्रिलमध्ये ‘मे सहल अंतिम सुधारित’. तिकिटे फोनवरून आधीच काढायची, रविवार टाळून आडवारी जायचे, मुक्काम कोठे, कोणत्या पाळण्यात आधी बसायचे म्हणजे रांग कमी लागेल, या साऱ्यावर खल झाला. काही पाळण्यांना उंचीची अट असते, म्हणून चिरंजीवांना दर पंधरवड्याला दाराच्या चौकटीला टेकवून पेन्सिलीने खूण करण्यात येऊ लागली. पूर्वी मुलाची वाढ पाहून आईबाप सुखावत असत. आम्ही ती पाहून पाळण्यांची यादी सुधारत होतो.

अशा वेळी मी गप्प बसतो, असे नाही. मी खाकरतो आणि म्हणतो, “आमच्या लहानपणी...”

एवढे म्हटले की आमच्या घरात एकेकाला एकेक काम आठवते. चिरंजीव अभ्यासाला जातात, कन्या कानात यंत्र घालते, आणि आमची आई तेवढी कोपऱ्यात वाती वळत बसून राहते. ती काही बोलत नाही. मला वाटायचे, घरात एवढी एक व्यक्ती आपल्या बाजूची आहे.

आता कोणी ऐकत नाही तर निदान वाचकांना तरी सांगतो. आमच्या लहानपणी सहल ही आखायची वस्तूच नव्हती. दादा, म्हणजे माझे वडील, इथल्याच शाळेत शिक्षक होते. शनिवारी रात्री जेवण झाले की ते भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत. किल्ली देता देता शीळ घालीत. आणि मग एकदम वळून म्हणत, “चला, उद्या जाऊ या!”

कोठे, ते सकाळी ठरायचे. कन्नडला राहणाऱ्या माणसाला निसर्गाने आणि इतिहासाने लाडावूनच ठेवले आहे. एका अंगाला तीसेक किलोमीटरांवर वेरूळ, दुसऱ्या अंगाला गौताळ्याचे जंगल, आणि जरा वाकडी वाट केली की सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी. स्टँडवर जी एस.टी. आधी लागेल तिच्यात आम्ही चढायचो. पितळखोऱ्याच्या पायऱ्या उतरताना दादा आम्हाला कण्हदासाची गोष्ट सांगत. तिथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर ‘कण्हदास नावाच्या सोनाराने ही केली’ अशा अर्थाचा लेख कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा एक सोनार दागिने घडवता घडवता दगडाकडे वळला, ही कल्पना दादांना फार प्रिय होती. ते म्हणत, “त्यालाही एका शनिवारी वाटलं असेल, चला, उद्या दगड फोडू या!” आम्ही हसायचो. मग झाडाखाली बसून आईच्या पिशवीतून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा निघे. तो कोठून आला, हा प्रश्न आम्हाला कधीच पडला नाही. आकाशातून पाऊस पडतो, तशा आईच्या पिशवीतून दशम्या पडत असत.

पण या सगळ्यावर कळस चढवला तो १९९२ सालच्या मे महिन्याने. त्या काळी मुंबईतल्या एस्सेल वर्ल्डचे नाव आमच्या कन्नडातही दुमदुमत होते. १९८९ साली गोराईला ते सुरू झाले होते, आणि दूरदर्शनवरची त्याची जाहिरात पाहून आमच्या आळीतली झाडून सारी पोरे वेडी झाली होती. एका रात्री दादांनी घड्याळाला किल्ली दिली, शीळ घातली आणि म्हणाले, “चला, उद्या मुंबईला जाऊ या!”

मुंबईला! मी अकरा वर्षांचा होतो. रात्रभर झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी एस.टी.ने औट्रम घाट उतरून आम्ही चाळीसगावला गेलो आणि रात्रीच्या गाडीच्या साध्या डब्यात घुसलो. आरक्षण वगैरे प्रकार दादांना माहीतच नव्हता. मी वळकटीवर बसलो, ताई ट्रंकेवर. पहाटे दादर, तिथून लोकल, आणि मग बोरिवलीला मावशीचे दार! मावशीने दार उघडले, कपाळावर हात मारला आणि ओरडली, “अगंबाई! तुम्ही? आणि असे अचानक?” दादांचा चेहरा त्या क्षणी असा काही फुलला होता, की आजही तो मला डोळे मिटून पाहता येतो.

दुसऱ्या दिवशी लाँचमधून खाडी ओलांडून आम्ही एस्सेल वर्ल्डच्या दाराशी उभे राहिलो. दादा खिडकीशी गेले आणि परत आले. त्यांनी एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला. तिकिटाचा दर त्यांच्या अंदाजाच्या बराच वर होता. आईने पदराआडून रुमालाची पुरचुंडी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी पुन्हा हिशेब केला. मग आईच म्हणाली, “तुम्ही तिघं जा. मला बाई गोल फिरलं की चक्कर येते. मी सामान सांभाळते.”

आम्ही गेलो. दिवसभर फिरलो, भिजलो, ओरडलो. दादा माझ्याहून मोठ्याने ओरडत होते. संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा आई सकाळी बसली होती त्याच ठिकाणी, पिशव्या मांडीशी घेऊन बसलेली होती. “कसं होतं रे?” तिने विचारले. मी सांगत सुटलो, तो बोरिवली येईपर्यंत थांबलो नाही.

पुढे तीस वर्षे मी ही गोष्ट सांगितली. वर्गात सांगितली, लग्नात जमलेल्या पाहुण्यांना सांगितली. २०२२ साली एस्सेल वर्ल्ड बंद झाल्याची बातमी वाचली तेव्हा घरात सर्वांना बोलावून पुन्हा सांगितली. शेवटी नेहमी म्हणायचो, “याला म्हणतात सहल! नाहीतर तुमचे ते तक्ते.” दादा जाऊन आता सहा वर्षे झाली. ते गेल्यावर तर मला ही गोष्ट सांगणे म्हणजे त्यांचे श्राद्धच करण्यासारखे वाटू लागले.

आणि मग गेल्या मे महिन्यात आम्ही तक्त्याप्रमाणे, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी इमॅजिकाच्या दारात पोहोचलो. सौभाग्यवतीने फोन पुढे केला. दारावरच्या मुलाने मोजले, सात. ताई, तिचे यजमान, आम्ही चौघे आणि आई. सातही माणसे आत गेली. आईला बाहेर बसवायचा विचार कोणाच्या मनातही आला नव्हता, कारण जानेवारीतच तक्त्यात तिचा रकाना होता.

आत चहाचे प्रचंड कप गरगर फिरत होते. त्यांत माणसे बसली होती. आई थांबली आणि बघत राहिली. मग माझ्या कन्येचा हात धरून म्हणाली, “आपण यात बसू या का गं?”

“आई,” मी म्हणालो, “तुला चक्कर येते ना?”

“मला?” आई म्हणाली. “मला कधी रे चक्कर आली?”

आणि ती कपात जाऊन बसली. बहात्तर वर्षांची माझी आई, नऊवारीचा सोगा सावरून, नातीच्या शेजारी! कप फिरू लागला. तिने एका हाताने कड धरली होती आणि दुसऱ्या हाताने तोंड झाकले होते, कारण तिला हसू आवरत नव्हते. ती उतरली तेव्हा ठणठणीत होती. चक्कर आली होती ती मला. बाहेर उभ्याउभ्या!

रात्री मुक्कामाच्या जागी सगळे निजल्यावर मी आईजवळ जाऊन बसलो. म्हणालो, “त्या वेळी मुंबईला तू खोटं बोललीस?”

“पैसे तिघांचेच होते रे,” ती म्हणाली. “पुरचुंडीतले धरून. संक्रांतीपासून साठवत होते मी, तरी कमी पडले.”

“संक्रांतीपासून? पण दादांनी तर आदल्या रात्री...”

आई हसली. “तुझे दादा मनातलं कधी लपवू शकले का? मार्चपासून ते त्या जाहिरातीची शीळ घालत होते. मी एप्रिलमध्येच मावशीला कार्ड टाकलं. लिहिलं, मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही येऊ. पण तू दार उघडशील तेव्हा दचक. त्यांना बरं वाटेल.”

मी काही वेळ बोललोच नाही. मावशीचा तो कपाळावरचा हात माझ्या डोळ्यांसमोर आला. आयुष्यात मी पाहिलेले सर्वोत्तम नाटक बोरिवलीच्या एका दारात झाले होते, आणि मला ते नाटक आहे हेच ठाऊक नव्हते!

“आणि त्या शनिवारच्या सहली?”

“घड्याळाला किल्ली देताना शीळ ऐकू आली की मी जास्तीच्या दुधाचं भांडं झाकून ठेवायची. पहाटे चारला उठून दशम्या करायच्या तर दूध नको का?” ती थोडी थांबली. “मला त्यांचं ते ‘उद्या जाऊ या’ आवडायचं रे. चेहरा कसा पोरासारखा व्हायचा. त्यासाठी पहाटे उठणं काही जड नव्हतं. पण खरं सांगू? माझी एकही सहल अचानक झाली नाही. सगळ्या मला आधीच ठाऊक होत्या.”

कन्नडला परतताना मी गाडीत तक्त्याविरुद्ध एक अक्षर काढले नाही. सौभाग्यवतीने दोनदा विचारले, “बरं वाटत नाही का?” माझ्या ध्यानात आले होते, की उत्स्फूर्तपणा हा आमच्या घराण्यातील पुरुषांचा गुण आहे आणि त्याचा खर्च दोन पिढ्या बायका भरत आल्या आहेत. दादा तक्ता करीत नसत, कारण तो आईच्या डोक्यात होता. मी तक्त्याला हसत असे, कारण तो बायकोच्या फोनमध्ये होता. फरक एवढाच, की आईच्या तक्त्यात आईचे नाव नसे. बायकोच्या तक्त्यात सगळ्यांची नावे असतात.

मात्र आईचे ते शेवटचे वाक्य मनातून जाईना. दिवाळीच्या सुट्टीत एका सोमवारी रात्री मी घड्याळाकडे पाहून शीळ घातली. आता आमचे घड्याळ बॅटरीवर चालते, त्यामुळे नुसतेच पाहावे लागले. पण “उद्या जाऊ या” मात्र म्हणालो नाही. पहाटे चारला उठलो. आदल्या दिवशी दूध गुपचूप जास्त आणून ठेवले होते. दशम्या लाटल्या. त्यांचे आकार महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांसारखे झाले. चटणी केली, डबा भरला, पाणी भरले, पिशवी गाडीत ठेवली, आणि मग सहा वाजता आईला उठवून म्हणालो, “चल, वेरूळला जाऊ या. आत्ता!”

“आत्ता?” आई दचकली. खरोखर दचकली. मी तिचा चेहरा निरखून पाहिला, नाटक नव्हते.

वेरूळला पोहोचलो तो लेण्यांचे फाटक बंद. पहारेकऱ्याने माझ्याकडे, मराठीच्या प्राध्यापकाकडे पाहावे तसेच पाहिले. म्हणाला, “साहेब, आज मंगळवार. मंगळवारी लेणी बंद असतात.”

मी मागे वळलो. सौभाग्यवती खिडकीतून शांतपणे बाहेर पाहत होती.

“तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“आईंना अचानक जायचं होतं ना!” ती म्हणाली.

मग घृष्णेश्वराचे दर्शन घेतले आणि रस्त्याकडेच्या एका लिंबाखाली सतरंजी अंथरली. कैलास लेणे जेमतेम हाकेच्या अंतरावर होते आणि आम्ही ते न बघता दशम्या खात होतो. मुलांना ती चूक फार आवडली. आईने दशमीचा एक तुकडा मोडला, चावला, आणखी थोडा चावला आणि म्हणाली, “मीठ जरा कमी पडलं. पण छान आहे.”

निघायची वेळ झाली. आई सवयीने पिशव्या गोळा करायला वाकली. पिशव्या माझ्या खांद्यावर होत्या. तिने इकडेतिकडे पाहिले आणि मग, काय करावे ते न सुचल्यासारखे, दोन्ही हात मोकळे सोडून ती गाडीकडे चालू लागली.