नावापुरता प्रेझेंट

'प्रेझेंट पार्टिसिपल' या नावातलं 'प्रेझेंट' शुद्ध फसवं आहे. आज भाचीचा अभ्यास घेताना ते पुन्हा जाणवलं. 'वॉकिंग होम, आय मेट हर' घ्या किंवा 'वॉकिंग होम, आय विल मीट हर'; 'वॉकिंग' जागचं हलत नाही. काळ सांभाळायचा तो पुढच्या क्रियापदाने. आपलं 'जाताना' तरी काय, 'भेटली'शी जमवून घेतं तसंच 'भेटेल'शीही!

मला खरी मौज वाटते ती 'आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड'ची. माणूस रस्त्याच्या मधोमध दिसतोय. पलीकडे पोचला का, वाक्य सांगत नाही. 'क्रॉसिंग'चं नुसतं 'क्रॉस' केलं, की पोचला बिचारा.

आपल्याकडच्या 'आय ॲम नोइंग'छाप इंग्रजीची फिरकी निसिम इझिकेल यांनी मिस पुष्पाच्या निरोपसमारंभाच्या कवितेत घेतली आहेच. 'नो', 'लव्ह' ही स्थिती सांगणारी क्रियापदं, त्यांना सहसा 'इंग' लावत नाहीत, असं मी भाचीला सांगत होते. तिने मॅकडोनल्ड्सचं 'आयम लव्हिन इट' तोंडावर फेकलं. २००३पासून जगभर चाललंय ते.

म्हटलं, बर्गर खुशाल खा, पेपरात मात्र असलं लिहू नकोस.