वरसाव्याच्या नाक्यावर जुन्या गाडीची परीक्षा

ठाण्याहून विरारकडे गाडीने निघालेल्या माणसाला वरसावे चुकत नाही. गायमुखचा घाट ओलांडून, काजूपाडा मागे टाकून घोडबंदर रस्ता जेथे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो, तेच हे वरसावे. मागे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, समोर वसईची खाडी आणि खाडीवर पूल. घोडबंदरचा किल्लाही येथून जवळच. पूर्वी या बंदरात घोड्यांचा व्यापार चाले म्हणून घोडबंदर, असे सांगतात. घोडा घेणारा आधी त्याचे दात पाहतो. आम्ही मात्र आमची गाडी घेताना दात पाहिले नाहीत. ते आम्हाला वरसाव्याने दाखवले.

गोष्ट २०२२ च्या मे महिन्यातली. आम्ही वागळे इस्टेटच्या बाजूला राहतो. नोकरीचा हिशेब हाती आला, त्यात भिशीचे पैसे घातले आणि तेरा वर्षांची एक डिकीवाली मोटार घेतली. आमच्या दोन्ही घराण्यांतली ही पहिलीच चारचाकी. वस्तीतली पोरे तिच्याभोवती गोळा झाली, शेजारणींनी पेढे मागून घेतले. विकणाऱ्याने सकाळी रिकाम्या रस्त्यावर एक फेरी मारून दाखवली होती. गाडी लोण्यासारखी चालली. तेवढ्यावर आम्ही भुललो.

गाडी घेण्याचे खरे कारण मुलगी. ती विरारला दिलेली, आठवा महिना लागलेला. बाळंतपणाला तिला माहेरी आणायचे होते. विरारहून लोकलने दादर, दादरचे जिने, पुन्हा ठाण्याची गाडी, हे पोटुशी लेकीला कसे झेपावे?

आम्ही उभयता आणि थोरला मुलगा रविवारी दुपारी निघालो. घाटापर्यंत सारे ठीक. वरसाव्याला आलो आणि रांगेत अडकलो. पुढे ट्रक, मागे टँकर, वर ऊन. पाऊण तासात दोनशे पावले गाडी सरकली नसेल. मुलाचे लक्ष काट्याकडे गेले, तो लाल रेघेला टेकला होता. बॉनेटमधून वाफ येऊ लागली. कशीबशी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले. मुलगा रेडिएटरचे झाकण उघडायला धावला. एका ट्रकवाल्याने त्याचा हात धरला, “हात भाजून घेशील, अर्धा तास थांब.” त्या अनोळखी माणसाचे उपकार आम्ही विसरलो नाही.

गाडी गार झाल्यावर मुलगा म्हणाला, “पाणी ओततो, हळूहळू जाऊ.” त्याची आई म्हणाली, “आपण जाऊ रे कसेही. पण येताना गाडीत ती असेल.” त्यावर बोलायला काही उरले नाही. मेकॅनिकला बोलावले, गाडी ओढून परत आणली. विरारला फोन केला तेव्हा पलीकडून लेकच आमची समजूत घालत होती, “सावकाश या, मी कुठे जाते?”

गॅरेजमध्ये रोग कळला. रेडिएटरचा पंखा जळालेला होता. गाडी वेगात असते तेव्हा समोरचा वारा इंजिन गार ठेवतो, म्हणून पंखा बंद असला तरी कळत नाही. गाडी उभी राहिली की सारा भार पंख्यावर. म्हणजे रिकाम्या रस्त्यावरच्या फेरीत जे लपले, ते वरसाव्याच्या रांगेत उघडे पडले. पंख्याची मोटार, थर्मोस्टॅट आणि जुने होज पाइप बदलले. मेकॅनिकने गाडी अर्धा तास जागेवर चालू ठेवून पंखा फिरताना दाखवला, मगच पैसे घेतले.

पुढच्या रविवारी पहाटे निघालो. परतताना पुलावर पुन्हा रांग लागली. लेक मागे उशी घेऊन बसली होती आणि आम्ही तिघे काट्याकडे डोळे लावून. काटा मध्यावरून हलला नाही. जूनमध्ये आम्हाला नात झाली.

तेव्हापासून शेजारीपाजारी जुनी गाडी घेण्याआधी आम्हाला विचारतात. आम्ही सांगतो ते असे. गाडी थंड असताना सुरू करून पाहा. विकणारा आधीच गरम करून ठेवत असेल तर सावध व्हा. नंतर ती वीस-पंचवीस मिनिटे जागेवर चालू ठेवा, एसी लावा, पंखा फिरतो का पाहा. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस असेल तर इंजिनात पाणी शिरत असावे. किलोमीटरचा आकडा कमी, पण पेडलचे रबर झिजलेले, तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी आपल्या नावावर करून घ्या. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, तो खर्चही धरा. आणि गाडीच्या किमतीबाहेर दुरुस्तीचे पैसे बाजूला ठेवा.

जुनी म्हणजे वाईट, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी आठवा. तिचे उत्पादन थांबल्यावरही तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी मुंबईत धावत राहिल्या. शेवटची नोंदलेली टॅक्सी २००३ सालची. वीस वर्षांची मर्यादा भरली, तेव्हा ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. यंत्र साधे, सुटे भाग सहज मिळत आणि तिची नाडी ओळखणारा मिस्त्री गल्लोगल्ली. गाडीचा भरवसा निम्मा तिच्या यंत्रात असतो, निम्मा देखभालीत.

वरसाव्याच्या जुन्या पुलाचेही तसेच. २०१३ आणि २०१६ साली त्याला तडे गेले, अवजड वाहने थांबवावी लागली, दुरुस्ती झाली आणि तो पुन्हा कामाला लागला. २०२३ मध्ये शेजारी नवा चौपदरी पूल सुरू झाला.

आमची गाडी अजून आहे. नात आता मागच्या सीटवर खिडकीशी बसते. पूल आला की खाडी दाखवते. आम्ही आधी काटा पाहतो, मग खाडी.