उलटी धावलेली गाडी

दोस्तांनो, आधी एक छोटासा प्रयोग करून बघा. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा. पॅडल मारून मागचं चाक फिरवा. चेनच्या बाजूला उभं राहून पाहिलंत, तर चाक घड्याळाच्या काट्यांसारखं फिरताना दिसेल. आता पलीकडच्या बाजूला जाऊन बघा. तेच चाक काट्यांच्या उलट फिरताना दिसेल! चाक तेच, फिरणंही तेच. बदलली ती फक्त बघणाऱ्याची बाजू.

अगदी साधी गोष्ट आहे ना? पण तेरा वर्षांचा असताना हीच साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. त्यापायी जे घडलं, ते आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

ही गोष्ट १९९६ सालच्या उन्हाळी सुट्टीतली. मी आणि आई मामाकडे अमेरिकेला गेलो होतो. अटलांटा शहराजवळ पीचट्री सिटी नावाचं गाव आहे, तिथे मामा राहायचा. जुलैत अटलांटाला ऑलिंपिक भरणार होतं. लिअँडर पेसने टेनिसमध्ये ब्राँझपदक मिळवलं ना, तेच ऑलिंपिक. सगळीकडे त्याचीच धामधूम चालू होती. पण मला ऑलिंपिकपेक्षाही त्या गावातल्या गोल्फ कार्टचं जास्त अप्रूप वाटलं.

गोल्फचं मैदान फार मोठं असतं. तिथे फिरायला चार चाकांची, छपराची, दारं नसलेली छोटी गाडी वापरतात. तीच ही कार्ट. पण या गावात ती मैदानाबाहेरही धावते. झाडीतून वळणं घेत जाणारे खास रस्ते तिच्यासाठी बांधले आहेत. आज त्यांची लांबी दीडशे किलोमीटरहून जास्त आहे. लोक कार्टमधून बाजारात जातात, शेजाऱ्यांकडे जातात. कॉलेजला जाणाऱ्या मुलांसारखी शाळेतली मोठी मुलंसुद्धा ऐटीत कार्ट चालवत शाळेत जातात!

मामाकडची कार्ट विजेवर चालणारी होती आणि ती खरं तर आजीची होती. आजीचे गुडघे दुखायचे, फार चालता यायचं नाही. पण कार्टमध्ये बसली, की ती एकटी लायब्ररीत जायची, तळ्याकाठी थांबायची आणि पाखरं बघत घरी यायची. साठीनंतर परक्या देशात राहायला गेलेल्या माझ्या आजीचं तेवढंच काय ते स्वतःचं असं फिरणं होतं.

आम्ही गेलो तेव्हा कार्टच्या बॅटऱ्या मरायला टेकल्या होत्या. सीटखाली सहा-सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, म्हणजे एकूण छत्तीस व्होल्ट. रात्रभर चार्ज केल्या तरी गाडी अर्ध्या वाटेत बसायची. एकदा तर आजी भर दुपारी रस्त्यात अडकून पडली. नव्या बॅटऱ्यांची किंमत ऐकून मामाने कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "त्यापेक्षा पेट्रोलचं इंजिनच बसवू या की!"

मला तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता. सुट्टीत इंजिन बसवायला मिळणार! अजून काय हवं?

पहिल्याच दिवशी मामाने हातातलं घड्याळ आणि बोटातली अंगठी काढून ठेवली. मी विचारलं, "हे कशाला?" तो म्हणाला, "बॅटरीच्या दोन टोकांना धातू चिकटला ना, तर तो क्षणात तापून लाल होतो. बोटात अंगठी असली तर बोट भाजलंच म्हणून समज." पान्यालाही त्याने चिकटपट्टी गुंडाळली. एकेक बॅटरी अठ्ठावीस-तीस किलोची. सहा उचलून होईपर्यंत दोघांचीही कंबर ढिली झाली. बॅटऱ्या निघाल्या आणि मागोमाग मोटरही निघाली.

इंजिन कुठून आणायचं? मला वाटलं, गवत कापायच्या यंत्राचं चालेल. पण त्याचा फिरणारा दांडा उभा असतो, पातं आडवं फिरवायचं असतं ना. आम्हाला हवा होता आडवा दांडा. शेवटी माती भुसभुशीत करायच्या एका जुन्या यंत्राचं आठ हॉर्सपॉवरचं इंजिन मिळालं.

आता खरी अडचण. विजेची मोटर थांबलेली असली तरी वीज मिळताच पूर्ण जोर लावते. पेट्रोलच्या इंजिनाला ते जमत नाही. ते आधीपासून फिरत असावं लागतं. मग गाडी उभी असताना इंजिन फिरत ठेवायचं कसं? मामाने रबरी पट्टा आणि दोन पुल्या बसवल्या. इंजिन हळू असलं की पट्टा सैल राहतो. वेग वाढला की इंजिनाच्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, जसे आपण जोरात फिरणाऱ्या चक्रीवर बाहेर ओढले जातो तसेच. त्या जोराने पुली पट्ट्याला घट्ट पकडते आणि गाडी चालू लागते. तुमच्या आईबाबांना कायनेटिक होंडा आठवत असेल. तिच्यात पट्ट्याची अशीच युक्ती होती, आणि आजच्या बिनगिअरच्या स्कूटरमध्येही असते.

बसवून झालं. मामाने जॅक लावून मागची चाकं उचलली, इंजिनाची दोरी ओढली. फट्‌-फट्‌-फट्‌! चाकं फिरायला लागली! आम्ही टाळ्या पिटल्या. तेवढ्यात घरात फोन वाजला. जाता जाता मामा बजावून गेला, "मी येईपर्यंत गाडी खाली घेऊ नकोस हं."

आणि मी काय केलं? जॅक खाली घेतला, सीटवर बसलो आणि पॅडल दाबलं.

गाडी मागे धावली!

समोर मोकळा रस्ता होता आणि मागे गॅरेज. मी इतका घाबरलो, की पॅडलवरचा पाय उचलायचंही सुचेना. धाडकन आवाज झाला. गाडी गॅरेजच्या भिंतीवर आदळली. मधे आजीची वेताची खुर्ची होती. तिचे चार तुकडे झाले.

त्या खुर्चीत बसून आजी मटार सोलत होती. मी जॅक खाली घेतला, त्याच्या जेमतेम दोन मिनिटं आधी ती पातेलं ठेवायला आत गेली होती.

माझा पाय पॅडलवरून सुटला तरी इंजिन आपलं धडधडतच होतं. ते बंद करायचं बटण सीटखाली, इंजिनावरच होतं. मामा धावत आला आणि त्याने ते बंद केलं. आजीही आली. तिने खुर्चीकडे पाहिलं, मटारांकडे पाहिलं आणि काही न बोलता मला जवळ घेतलं. मग मात्र मला रडू आवरेना.

मामा मला ओरडेल असं वाटलं होतं. ओरडलाही. पण मग डोक्याला हात लावून तिथेच बसला. म्हणाला, "तू माझं ऐकलं नाहीस, ही तुझी चूक. पण गाडी उलटी जोडली, ती चूक माझीच."

झालं होतं असं, की असलं इंजिन एकाच दिशेने फिरतं. मामाने जिथे जागा मिळाली, तिथे ते बसवलं. दांड्याचं तोंड डावीकडे झालं की उजवीकडे, हा विचार केलाच नाही. सायकलचा प्रयोग आठवा! दांड्याचं तोंड फिरलं की चाकांची दिशाही उलटते. चाकं हवेत असताना ती कुठल्या दिशेने फिरतायत, हे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही. फिरतायत, यातच खूश!

इंजिन फिरवून बसवायला आणखी एक आठवडा लागला. या वेळी मामाने पुढे, हाताशी येईल असं लाल बटण बसवलं. इंजिन कधीही बंद गॅरेजमध्ये चालवायचं नाही, असंही ठरवलं. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला ना रंग, ना वास. बंद जागेत तो माणसाचा जीव घेतो.

आता गाडी सरळ धावायला लागली आणि अर्ध्या वाटेत बसायची बंद झाली. पण आजी एकटी बाहेर पडेना. का? तर इंजिनाची दोरी तिच्याच्याने ओढवेना. गाडीला रिव्हर्स नव्हता, म्हणजे मागे घ्यायची तर खाली उतरून ढकलायची. आवाज तर इतका, की ती कानात कापूस घालून बसायची. मी सोबत गेलो तरच लायब्ररी, नाहीतर नाही. म्हणजे जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, तिलाच गाडी चालवता येईना!

त्या रात्री मामाने एक कागद घेतला आणि मला विचारलं, "काढून टाकलेली मोटर काय काय करत होती, सांग बघू." मी म्हटलं, "चाकं फिरवत होती." त्याने ते लिहिलं आणि म्हणाला, "पुढे?" मग एकेक आठवत गेलं. कळ फिरवली की मागे जायची. पॅडल सोडलं की गप्प व्हायची. उभी असताना काहीच खायची नाही. धूर नाही, आवाज नाही, दोरी ओढणं नाही. बघता बघता कागद भरला. मामा म्हणाला, "हा कागद पाना हातात घेण्याआधी लिहायला हवा होता. आणि आजीला विचारून."

आम्ही परत आलो. पुढच्या वर्षी आजीचं पत्र आलं. मामाने पैसे साठवून सहा नव्या बॅटऱ्या घेतल्या होत्या आणि जपून ठेवलेली मोटर पुन्हा बसवली होती. पत्रात आजीने लिहिलं होतं, की काल मी एकटीच लायब्ररीत जाऊन आले, आणि येताना तळ्यावर बगळा दिसला.

दोस्तांनो, खऱ्या इंजिनाशी आणि बॅटरीशी मोठ्यांशिवाय खेळायचं नाही, हे तर तुम्हाला कळलंच असेल. पण घरातलं बंद पडलेलं गजराचं घड्याळ आईबाबांना विचारून जरूर उघडा. फक्त एक करा. एखादा भाग काढण्याआधी तो काय काय काम करतो, ते कागदावर लिहा. आणि घड्याळ ज्याचं असेल, त्यालाही विचारा बरं का!