कूड

सातपुड्यातल्या घरात वजनाने सगळ्यात हलका आणि स्वभावाने सगळ्यात समजूतदार कोण असेल, तर तो कूड.

धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांवर तो घरोघरी भेटतो. बांबू चिरून काढलेल्या कामट्या उभ्या-आडव्या विणायच्या, त्यावर माती-शेणाचा लेप द्यायचा, की तो उभा राहिला. खाली तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर तुराट्या आणि पऱ्हाट्यांचाही कूड होतो. सारवणारीची बोटं ओल्या लेपावर कमानीसारखी फिरतात आणि वाळल्यावर त्या रेघा तशाच राहतात. तिचा हात पोचतो तिथवर त्या भरघोस आणि सलग. त्याच्या वर, टाचा उंचावून ओढलेल्या, तुटक. अगदी माथ्याशी लेपच नसतो. तिथल्या उघड्या विणीतून धूर बाहेर जातो आणि उन्हाचे बारीक तुकडे आत येतात.

त्याचा खरा स्वभाव कळतो तो घरात बदल करायची वेळ आली की. छपराचा भार त्याच्यावर नसतो. कौलं, वासे, आढं सगळं पेलतात ते लाकडी खांब. कूड फक्त दोन खांबांमधली जागा राखतो. त्यामुळे त्याला हलवलं तरी घर डगमगत नाही. थोरल्याचं लग्न ठरलं, की नवा आडोसा घालून जोडप्याला खोली होते. गोठा घरातच असतो. जनावरं वाढली की मधला कूड दोन हात सरकतो. मका चांगला पिकला तर कणगीला कोपरा हवा, मोहाची फुलं वेचून आणली तर ती ठेवायला कोरडी जागा हवी. बंध कापायचे, कामट्या ओढून काढायच्या, धडक्या निवडून पुन्हा विणायच्या. शेजारपाजारचे चार हात लागले, की घराची आतली मांडणी बदलते. राडारोडा पडत नाही. माती भिजवून पुन्हा लेपाला घेता येते.

भार खांबांवर आणि भिंती मोकळ्या, हा विचार युरोपात ल कॉर्बुझिए यांनी १९१४ साली 'दोम-इनो' घराच्या आराखड्यात काँक्रीटमध्ये मांडला. वास्तुकलेच्या वर्गांत तो आजही शिकवतात. सातपुड्यातलं खांब-वाशांचं घर त्याच वर्गात शिकवायला हवं, इतकी त्याची योग्यता आहे.

कूड निर्दोष नाही. पावसाच्या शिंतोड्यांनी तो पायाशी कुजतो, वाळवी त्याला पोखरते, ठिणगीचं त्याला भय असतं. दरवर्षी त्याची डागडुजी लागते आणि सारवण्याचा भार घरच्या बाईवरच येतो. पक्कं घर हवंसं वाटतं ते म्हणूनच, आणि ते वाटणं रास्त आहे.

तरी कुडाचा हलकेपणा विस्थापनात कामी आला. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या ३३ गावांना झळ पोचली. मणिबेली त्यात पहिलं. घरं उठली, माणसं तळोद्याकडच्या वसाहतींत आली. तेव्हा जुन्या घराचे खांब-वासे सोबत नेता आले. कूड नव्या जागी नव्याने विणता आला. विटांच्या घराला असं उठून चालता येत नाही.

आता घरकुलं उभी राहताहेत. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराला किमान २५ चौरस मीटर जागा मिळते, आधीच्या इंदिरा आवासपेक्षा ५ चौरस मीटर जास्त. स्वयंपाकाची जागाही त्यातच. एवढ्या जागेत विटांची आडवी भिंत एकदा चुकीच्या ठिकाणी उभी राहिली, की चूल दाराशी येते, खाट वाटेत येते, कणगीला कोपराच उरत नाही. ती भिंत भार पेलणारी असेल, तर ती फोडणं जिवावर बेतू शकतं. कुटुंब दर हंगामाला बदलतं. घर मात्र पहिल्या दिवसाच्या आराखड्यातच अडकून पडतं.

म्हणून घरकुलाचा नकाशा काढणाऱ्या प्रत्येक अभियंत्याला मनापासून सांगणं आहे. बाहेरच्या भिंती, जोतं, छप्पर पक्कं करा. चुलीची जागा घरच्या बाईला विचारून ठरवा आणि तिच्या मागे विटांचीच भिंत ठेवा. दारासमोर खिडकी द्या, म्हणजे वारा आरपार खेळेल. पण आतले आडोसे कुडाला सोडा. तिथे त्याला पाऊस लागत नाही, जमिनीपासून वीतभर विटांची बैठक दिली तर ओलही चढत नाही. सून आली, म्हातारी माणसं मुलाकडे राहायला आली, पोरं शाळेसाठी शहरात गेली, तर घरमालकालाच तो कोयत्याने सोडवून हवा तिथे बांधता येईल. आपलं घर आपल्या हाताने बदलण्याची जी मुभा या माणसांना त्यांच्या झोपडीत होती, ती पक्क्या घरात आल्यावर त्यांच्याकडून काढून घेऊ नये.