समुपदेशनातला उपदेश

मानसशास्त्र घेऊन बी. ए. करावे का, असे युसूफ वडगाव परिसरातील विद्यार्थी मला अधूनमधून विचारतात. मी मराठी शिकवतो. तरी प्रवेशाच्या दिवसांत गावातल्या प्राध्यापकाला सर्व शास्त्रांचा जाणकार समजण्याची रीत आहे. या पदवीचा कस पाहायचा तर निकालाची टक्केवारी फारशी उपयोगाची नाही. मी दोन गोष्टी तपासायला सांगतो : प्रयोगवही आणि भाषा.

कला शाखेतील बहुतेक विषयांना प्रयोगशाळा नसते; मानसशास्त्राला असते. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिगला सुरू केलेली ही परंपरा १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात आली. तालुक्याच्या महाविद्यालयात ती आरशात पाहून आकृती गिरवणे, प्रतिक्रियाकाल मोजणे अशा प्रयोगांतून भेटते. विद्यार्थ्याने ते स्वतः केले, आपल्याच आकड्यांवरून निष्कर्ष काढला, तर माणसाविषयी पुराव्याशिवाय बोलू नये ही शिस्त अंगी बाणते. गेल्या वर्षीची वही उतरवून काढली, तर उरते ते व्याख्यांचे पाठांतर. म्हणून प्रवेशापूर्वी तिथल्या माजी विद्यार्थ्याला एवढेच विचारावे : प्रयोग कोणी केला?

भाषेचा प्रश्न अधिक अवघड. पाठ्यपुस्तक 'नैराश्य' म्हणते. आमच्याकडची बाई 'कशातच जीव लागत नाही' म्हणते. आईवडील ऊसतोडीला गेल्यावर आजीजवळ मागे राहिलेले पोर पुष्कळदा काहीच म्हणत नाही. जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की मानसशास्त्राचे निष्कर्ष मुख्यतः पाश्चात्त्य, सुशिक्षित, संपन्न समाजातील लोकांवर, त्यातही विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासांतून आले आहेत. पुस्तकातला माणूस आणि बांधावरचा माणूस यांच्यातले अंतर शेवटी आमच्या विद्यार्थ्यालाच तोडावे लागते. त्यात आपला 'समुपदेशन' हा शब्द पाहा. त्याच्या पोटातच 'उपदेश' दडून बसला आहे! नापिकीने आणि कर्जाने खचलेल्या माणसाला उपदेश करणारे गावात थोडे नाहीत. थोडे आहेत ते ऐकून घेणारे. तीन वर्षांत विद्यार्थी ऐकायला शिकला नसेल, तर पदवी मिळूनही विषय हुकला असे समजावे.

आणखी एक कसोटी मर्यादेच्या जाणिवेची. बी. ए. झाल्याने कोणी चिकित्सक होत नाही. त्यासाठी पुढे पदव्युत्तर शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले प्रशिक्षण लागते. शेतकरी आत्महत्यांच्या या जिल्ह्यात ही जाणीव जिवाच्या मोलाची आहे. शासनाने २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले. २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, आणि अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. या सोयी आणि घराचा उंबरठा यांच्यामध्ये जो दुवा लागतो, तो हा पदवीधर होऊ शकतो. शेजारच्या घरातले अबोलपण ओळखावे, त्याला वेड किंवा बाहेरची बाधा म्हणू नये, आणि 'हे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, चला, मी सोबत येतो' असे म्हणावे, इतके त्याला जमले तरी पुष्कळ झाले.

नोकरीचे काय, असे पालक विचारतात, आणि त्यांचे विचारणे रास्तच आहे. केवळ या पदवीवर नोकरीची हमी मी देत नाही. मात्र जिथे प्रयोग खरे होतात आणि मुलांना त्यांच्या बोलीत बोलू दिले जाते, असे महाविद्यालय सापडले, तर मुलीला तिथे खुशाल पाठवा, असे मी सांगतो.