आमचे कापडी चिमणराव




वार्तापत्राच्या संपादक मंडळाने या अंकासाठी शिक्षकांकडून 'माझा छंद' या विषयावर लेख मागवले आहेत. संपादक मंडळ म्हणजे नववीतली चार मुले. त्यांनी आमच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली, खाली शेवटची तारीख लिहिली आणि तिच्याखाली लाल शाईने दोन रेघा मारल्या. आमचीच सवय आमच्यावर उलटली. तेव्हा लिहिणे भाग आहे.

आमच्या कार्यालयातले काचेचे कपाट सर्वांनी पाहिले आहे. वरच्या कप्प्यात क्रीडास्पर्धांचे करंडक आहेत, ते सर्वांना ठाऊक. खालच्या कप्प्यात चौदा जाडजूड पुस्तके आहेत. ती शाळेची दप्तरे असावीत असा बहुतेकांचा समज आहे आणि आम्ही तो कधी दूर केला नाही. ती चिंतामण विनायक जोशी, म्हणजे चिं. वि. जोशी यांची विनोदी पुस्तके आहेत. सगळी पुठ्ठा बांधणीची. चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी ज्यांनी मराठीला दिली, तेच हे जोशी.

हा छंद आम्हाला कसा लागला हे सांगायचे तर आधी एक कबुली द्यावी लागेल. आमचे सारे शिक्षण इंदूरला, हिंदी माध्यमातून झाले. बी. ए. हिंदीतून, बी. एड. हिंदीतून. घरात मराठी होती, पण ती स्वयंपाकघरातली. छापील मराठीशी आमची ओळख लग्नपत्रिका आणि पंचांग यांच्यापलीकडे नव्हती. लग्न होऊन नरोलीला आलो आणि नोकरीसाठी मराठीत अर्ज लिहिला. त्यात 'मी माझी मराठी सुधारण्याची चेष्टा करीन' असे वाक्य होते. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत काय, ते मुलाखत घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून कळले. पुढे पहिल्याच पालक सभेत आम्ही उत्साहाने म्हणालो, "आपल्या मुलांना इथे चांगली शिक्षा मिळेल." मागच्या बाकावरचा एक मुलगा खरोखर घाबरला होता.

घरी येऊन आम्ही रडलो. सासूबाईंनी काही विचारले नाही. त्या माळ्यावर चढल्या आणि मामंजींची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. मामंजी 1954 साली हा मुलूख पोर्तुगीजांकडून मुक्त झाल्यानंतर शिक्षक म्हणून इकडे आले, आणि येताना कपड्यांपेक्षा पुस्तके जास्त घेऊन आले असे त्या सांगत. ट्रंकेतून त्यांनी तपकिरी कापडाचे एक पुस्तक काढले. पाठीवर सोनेरी अक्षरे होती, त्यांतली निम्मी उडालेली. ते 'आणखी चिमणराव' होते. "सूनबाई, हे वाच. याच्याइतकी फजिती तुझी होणार नाही," असे म्हणून त्यांनीच पहिली गोष्ट मोठ्याने वाचायला घेतली. अर्ध्यावर त्यांना हसू आवरेना, म्हणून पुस्तक आमच्या हातात आले. आम्ही अडखळत वाचत होतो आणि त्या डोळे पुसत होत्या.

तिथून आम्ही मराठी शिकलो. व्याकरणाचे पुस्तक नंतर आले.

चिं. वि. जोशींविषयी आमच्या मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ते पुण्याचे, जन्म 19 जानेवारी 1892 चा. पण नोकरी आणि लेखन यांचा मोठा काळ गेला बडोद्याला, म्हणजे आपल्या वापीहून जी गाडी उत्तरेला जाते तिच्याच वाटेवर. धर्मानंद कोसंबींकडे ते पाली भाषा शिकले, बडोदा कॉलेजात पाली शिकवली, संस्थानच्या दप्तरखात्यात काम केले, बौद्ध वाङ्मयावर ग्रंथ लिहिले. एवढा पंडित माणूस आपल्या विनोदी पुस्तकांना नावे काय देतो, तर 'एरंडाचे गुऱ्हाळ', 'चिमणरावाचे चऱ्हाट', 'वायफळाचा मळा', 'पाल्हाळ'. गुऱ्हाळ उसाचे घालतात. एरंडाचे घातले तर चरक फिरत राहील आणि रस काही निघणार नाही. चऱ्हाट म्हणजे लांबच लांब दोर. थोडक्यात, माझी बडबड निरर्थक आहे असे लेखक मुखपृष्ठावरच सांगून मोकळा होतो. आम्हाला हे सगळे शब्द विचारून घ्यावे लागले. ज्याची मातृभाषा पक्की आहे त्याला अशी विचारपूस करायला मिळत नाही, हे त्याचे नुकसान.

1940 साली 'लग्न पहावं करून' या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले. 1970 च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी घरोघर नेली. आमची चिमणरावांशी भेट मात्र कापडी बांधणीतच झाली, आणि त्यामुळे असेल, कागदी मुखपृष्ठातले चिमणराव आम्हाला आजही उघड्या अंगाने फिरल्यासारखे वाटतात.

तर आम्ही जुन्या प्रती शोधू लागलो. पुण्याला गेलो की अप्पा बळवंत चौक, मुंबईला गेलो की फाउंटनचे पदपथ. बडोद्याला दांडिया बाजार, रावपुरा या भागांत जुनी मराठी घरे आहेत. तिथले एक कुटुंब घर हलवत होते, त्यांच्याकडून एकदम चार पुस्तके मिळाली. काही दिवसांत जुने पुस्तक पारखायला शिकलो. आतल्या पानावर आवृत्तीचे साल फाटलेले असले तर किंमत पाहावी. रुपये-आण्यांत असेल तर बहुधा 1957 च्या आधीची छपाई, कारण त्या वर्षीच्या एप्रिलात दशमान नाणी आली. 'नये पैसे' लिहिले असेल तर त्यानंतरच्या सातेक वर्षांतली. 1964 पासून 'नये' गेले आणि नुसते पैसे राहिले. दुसरी खूण म्हणजे डोक्यावरची टिंबे. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी 'चिमणरावाचें चऱ्हाट' असे लिहीत. मग पुस्तक उघडून दोन पानांच्या मधल्या खाचेत पाहावे. दोऱ्याची शिवण दिसली तर पुस्तक टिकेल. नुसता गोंद असेल तर पाने दहा वर्षांत पत्त्यांसारखी हातात येतात.

आमच्या इंग्रजीच्या सरांनी एकदा मोबाइलवर वुडहाउस या विनोदी लेखकाचा संच दाखवला. एका इंग्रज प्रकाशकाने 2000 ते 2015 या काळात त्याची सगळी पुस्तके काढली. 99 खंड, सारे एकाच मापाचे, कापडी. आम्हाला हेवा वाटला हे लपवत नाही. आमच्या चौदांत दोन पुस्तकांची उंची जुळत नाही. एक हिरवे, एक तांबडे, तीन काळी. सात पुस्तके तर निरनिराळ्या वाचनालयांनी बाद केलेली. त्यांची मूळ वेष्टने केव्हाच गेली, आणि नाव बाइंडरने पांढऱ्या रंगाने हाताने लिहिले आहे. एकाने 'चिमणराव'ऐवजी 'चिमनराव' लिहिले आहे. तो बहुधा आमच्यासारखाच हिंदीतून आलेला असावा.

एक गमतीची गोष्ट आमच्या ध्यानात आली. जोशींची गंभीर पुस्तके जुन्या बाजारात मिळतात तेव्हा अगदी कोरी, करकरीत असतात. चिमणराव मात्र कुठेही धड मिळत नाहीत. कोपरे दुमडलेले, चहाचे डाग, कडेला पेन्सिलीने 'हा हा' लिहिलेले, मधली पाने गेलेली. मराठी माणसाने हे पुस्तक विकत कमी घेतले आणि वाचनालयातून आणून घरातल्या सहा जणांनी वाचले, त्याचे हे परिणाम. म्हणून चिमणरावांची चांगली प्रत दुर्मीळ. आमच्या चौदांत अशी एकच होती, 'चिमणरावाचें चऱ्हाट', वेष्टनासकट, एकही डाग नसलेली. तिच्यासाठी आम्ही नेफ्थलीनच्या गोळ्या बदलत असू, पावसाळ्यात कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढत असू. दमणगंगेच्या काठच्या गावात पावसाळ्यात पुस्तक कोरडे ठेवणे म्हणजे काय, ते इथल्या गृहिणींना पापडांवरून कळेल.

गेल्या वर्षी जुलैत आठवीतली एक मुलगी कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहिली. तिचे वडील यार्नच्या कारखान्यात पाळीत कामाला आहेत, घर मूळ धुळ्याकडचे, घरात अहिराणी बोलतात. तिच्या हातात शाळेच्या वाचनालयातले कागदी बांधणीचे 'चऱ्हाट' होते.

"बाई, यात मधलं नाहीये."

खरेच नव्हते. पान 48 नंतर एकदम पान 65. सोळा पानांचा अख्खा फर्मा शिवण तुटून गळून गेला होता. चिमणराव एका घोटाळ्यात सापडले होते आणि पान उलटल्यावर दुसऱ्याच घोटाळ्यात होते.

"मग पुढचं वाच," आम्ही म्हणालो.

"पण मधलं काय झालं?" असे विचारताना तिची नजर कपाटाकडे गेली. काचेतून नाव स्पष्ट दिसत होते.

आम्ही तिला सांगितले की ती पुस्तके वाचायला द्यायची नाहीत, ती जपून ठेवायची आहेत. ती "बरं" म्हणाली आणि गेली. वाद घातला असता तर बरे झाले असते. त्या दिवशी दुपारी आम्ही किल्लीने कपाट उघडले आणि आठवून पाहिले, तर ही प्रत आणल्यापासून आम्ही स्वतः ती एकदाही वाचली नव्हती. वेष्टन फाटेल म्हणून. सासूबाई असत्या तर त्यांनी काय म्हटले असते ते इथे लिहिण्यासारखे नाही.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावले. मधल्या सुट्टीत कार्यालयात बसून वाच, हात धुऊन ये, एवढ्या दोन अटी. चार दिवसांत मधले वाचून झाले. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "बाई, मी हे लिहून काढू? म्हणजे आपल्या पुस्तकात घालता येईल." फोटोकॉपी काढण्यासाठी ते जुने पुस्तक काचेवर दाबून उपडे करावे लागले असते, आणि तेवढे धैर्य आमच्यात अजून नव्हते. कायद्याची अडचण नव्हती. जोशी 1963 साली वारले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, म्हणजे 2024 पासून त्यांचे लेखन सर्वांना खुले आहे.

तिने कोऱ्या कागदाचे चार ताव मध्ये दुमडून आठ पाने केली आणि लिहायला बसली. पहिल्याच ओळीवर अडली. "बाई, हे टिंब लिहू की नको? परीक्षेत काढून टाकतात." आम्हाला उत्तर येईना. मराठीच्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, मूळ प्रतीत आहे तसे लिहावे. ग्रंथपाल म्हणाले, ज्या पुस्तकात घालायचे त्यात टिंबे नाहीत, तेव्हा नको. शिक्षक-खोलीत यावर दोन दिवस चर्चा झाली. आमच्या शाळेत इतक्या तावातावाने मराठीवर बोलणे बऱ्याच दिवसांनी झाले, नाहीतर हल्ली मराठीच्या वर्गात बाके किती रिकामी झाली एवढेच बोलणे असते. मुलीने कोणाचीही वाट पाहिली नाही.

सिल्वासात एक बाइंडर आहेत. कारखान्यांची रजिस्टरे बांधतात. त्यांनी हस्तलिखित पाने उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "बेन, आ शेनी चोपडी छे?" आम्ही सांगितले, हसायची. त्यांनी निळे कापड लावले, खळीत मोरचूद घातला आणि हस्तलिखिताची शिवण घट्ट घातली. नाव सोनेरी हवे का, असे विचारले. आम्ही हो म्हणालो.

ते पुस्तक आता शाळेच्या वाचनालयात आहे आणि फारसे जागेवर नसते. आमची वेष्टनाची प्रत काचेच्या कपाटातच आहे, पण कपाटाची किल्ली आता ग्रंथपालांच्या खिळ्यावर असते. वेष्टनाची खालची कड थोडी फाटली आहे. वाचनालयाच्या नोंदवहीत निळ्या पुस्तकापुढे ग्रंथपालांनी लिहिले आहे: पाने 49 ते 64 हस्तलिखित; टिंबे पान 57 पर्यंत.

जाता जाता एक विनंती. 'एरंडाचे गुऱ्हाळ' आणि 'वायफळाचा मळा' यांच्या जुन्या, शिवलेल्या प्रती आमच्याकडे नाहीत. कोणाच्या घरी माळ्यावर असल्या तर रद्दीत घालण्यापूर्वी शाळेला कळवावे. फाटक्या असल्या तरी चालतील. बांधणीचा खर्च आम्ही देऊ.