नमुना आणा

जुन्या गाडीचं सामान विकणारे दोन जातींचे असतात. एक ‘नाही’ म्हणतात, दुसरे ‘नमुना आणा’ म्हणतात. पहिल्यांच्या पायऱ्या मी आता चढत नाही. दुसऱ्यांसाठी आमच्या ओपल ॲस्ट्राच्या डिकीत, स्टेपनीशेजारी, गोडेतेलाचा एक पत्र्याचा डबा कायम असतो. त्यात झिजलेले रबरी बुश, चिरलेल्या नळ्या, कान तुटलेले क्लिप, एक निम्माच उरलेला दाराचा हँडल, असा सगळा मुद्देमाल. तुटलेलं काहीही फेकायचं नाही, हा नियम अण्णांनी घातला. तो त्यांनी कंजुषीपोटी घातला, असं आईचं ठाम मत आहे, आणि त्यात थोडं तथ्यही आहे.

अण्णांची अहमदपूरच्या मोंढ्यात आडत. नांदेडच्या एका डॉक्टरांनी वापरून सोडलेली ॲस्ट्रा त्यांनी 2003 च्या सोयाबीन हंगामानंतर घेतली. इंजिन, मायलेज वगैरे त्यांनी फारसं विचारलं नाही. दार उघडून लावलं, परत उघडलं, परत लावलं, आणि त्या भरदार आवाजावर सौदा केला. मोंढ्यात चर्चा झाली, ‘अण्णांनी जर्मनीची गाडी आणली.’ तशी ती गुजरातेत हालोलला जुळवलेली होती. जनरल मोटर्सनं तिथं 1996 मध्ये ॲस्ट्रा बनवायला घेतली. पण बॉनेटवर विजेची खूण असलेलं ओपलचं बोधचिन्ह होतं, आणि ते रुसेल्सहाइमचं. ॲडम ओपल यांनी 1862 मध्ये तिथं शिलाई मशीन बनवण्यापासून सुरुवात केली. मग सायकली आल्या, आणि 1899 मध्ये मोटारी. आमच्या गाडीच्या फाटलेल्या सीटा पुढं अहमदपूरच्या कुशनवाल्यानं शिवल्या, तेव्हा मला उगाच वाटलं, की ओपलना हे आवडलं असतं.

जर्मन म्हणून सामान मिळत नाही, असं सगळे सांगायचे. मला ते कधीच पटलं नाही. कारण आमच्या लहानपणी लग्नाचं वऱ्हाड ज्या मॅटॅडोरमधून जायचं ती मुळात जर्मनच होती. हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीशी करार करून नवलमल फिरोदियांनी 1958 मध्ये बजाज टेम्पो काढली, आणि 1969 पासून मॅटॅडोर पुण्यात बनू लागली. पुढं त्याच कंपनीनं मर्सिडीजचं ओएम 616 हे डिझेल इंजिन परवान्यानं इथं बनवलं. मर्सिडीजच्या 240 डी या मोटारीत तेच होतं. इकडं ते ट्रॅक्समध्ये आलं. म्हणजे शिरूर ताजबंद, लोहा, माळाकोळी या रस्त्यांवर टपावर माणसं बसवून धावणाऱ्या वडाप गाड्यांच्या पोटात मर्सिडीजच्या घराण्याचं इंजिन होतं, आणि त्याचं पॅकिंग, पिस्टन, नोझल तालुक्याच्या दुकानात पोत्यावर ठेवलेलं मिळायचं. तेव्हा गाडी कुठल्या देशाची, हा प्रश्न बिनकामाचा. तिच्या जातीच्या किती गाड्या आसपास राबतायत, एवढंच बघायचं. ॲस्ट्रा आमच्या भागात राबली नाही. ती डॉक्टर, वकील, आडत्यांच्या दारात ताडपत्रीखाली उभी राहिली.

2006 मध्ये ओपल हे नाव भारतातून उठलं. शोरूमवर दुसरी पाटी लागली, आणि काउंटरवरचा मुलगा संगणकात नंबर घालून मान हलवू लागला. खरी शोधाशोध तेव्हा सुरू झाली. तोवर मी गाडी चालवायला शिकलो होतो आणि नमुन्याचा डबा वारसाहक्कानं माझ्याकडं आला होता.

आमची गाडी बघणारे चाचा नांदेड रोडला बसतात. टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप बदलायची वेळ आली तेव्हा मी हात टेकले. चाचा शांतपणे म्हणाले, “भैया, कंपनी गई तो जाने दो. इसका खानदान ढूंढो. कोई ना कोई रिश्तेदार यहीं कहीं मिलेगा.” आणि सोयरीक जुळवणाऱ्या जाणत्या माणसासारखं त्यांनी घराणं सांगायला सुरुवात केली. ॲस्ट्राच्या आधीची ओपल कॅडेट. तिच्यावरून कोरियाच्या देवूनं बेतलेली सिएलो, जी 1995 पासून दिल्लीजवळ सूरजपूरला बनली. इंजिनाचं कूळ एकच. देवू बुडाली, पण सिएलो भरपूर खपली होती, आणि हैदराबादेत तिचं सामान अजून पडून होतं.

हे कूळ समजून घ्यायला एक गोष्ट कळावी लागते. या इंजिनांत पाण्याचा पंप टायमिंग बेल्टच फिरवतो, आणि पंपाची बैठक अशी, की पंप जागेवर थोडा फिरवला की पट्ट्याला ताण मिळतो. त्यामुळं पंप बोटभरही वेगळा चालत नाही. मी जुना पंप आणि पट्टा फडक्यात बांधून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं हैदराबादला गेलो. पुतलीबावलीतल्या दुकानदारानं पट्ट्याचे दात मोजले, पंपाच्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि वर न बघता पोऱ्याला म्हणाला, “सिएलो का लाव.” बसला. जर्मन गाडीला कोरियन नावाच्या डब्यातला पंप बसला, आणि चाचांनी त्याचं श्रेय कधी मिरवलं नाही.

त्यानंतर मला नादच लागला. नंबर वाचायचा नाद. ओपलच्या सुट्या भागांना दोन-दोन नंबर असतात, एक जनरल मोटर्सचा, एक ओपलच्या कॅटलॉगचा. दोन्ही ठाऊक नसतील तर परदेशी यादीत वस्तू समोर असूनही दिसत नाही. बेअरिंगचं मात्र तसं नाही. ते जगात सगळीकडं एकाच आकड्यानं ओळखलं जातं. एसीच्या पट्ट्याची पुली कुरकुरायला लागली, तेव्हा मुंबईहून अख्खी पुली मागवा असं मला सांगण्यात आलं. आम्ही ती दाबून उघडली. आत बेअरिंग निघालं 6203. म्हणजे आतून 17 मिलिमीटर, बाहेरून 40, जाडी 12. विहिरीवरच्या मोटारी भरणाऱ्या माणसाच्या दुकानात ते दोरीला ओवून टांगलेलं होतं. त्यानं विचारलं, किती एचपीची मोटार? मी सांगितलं, ओपलची.

पाण्यानं मात्र आमचा खरा अंत पाहिला. आमच्याकडच्या बोअरचं पाणी जड. तेच वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये गेलं आणि नळ्यांत पांढरा दगड बसला. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात कूलंटमध्ये मिसळायला बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन विकत घेताना मला चोरट्यासारखं झालं होतं. मूळ रेडिएटर ॲल्युमिनियमचा, टाक्या प्लास्टिकच्या. एकदा चिरला की संपला. ट्रॅक्टरचे रेडिएटर करणाऱ्या कारागिरानं मापं घेऊन तांब्या-पितळेचा नवा करून दिला. जड आहे, पण फुटला तर इथं डाग देता येतो. मूळ सामानाचा हट्ट धरणारे शौकीन मला यावरून हसतात. त्यांनी खुशाल हसावं. ज्याला गाडी प्रदर्शनात उभी करायची आहे त्याचं आणि ज्याला मे महिन्यात चाकूरच्या लग्नाला जायचं आहे त्याचं सारखं कसं असेल?

आता अनुभवानं सांगतो, जुनी गाडी इंजिनानं मरत नाही. इंजिनाला सोयरे असतात. ती मरते प्लास्टिकनं आणि काचेनं. मागचा दिवा, काच वर-खाली करणारी मशीन, डॅशबोर्डवरचं बटण, हे फक्त त्याच एका मॉडेलचं असतं, आणि लेथवर दिवा कातता येत नाही. यासाठी भंगारच गाठावं लागतं. मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर कापलेल्या गाड्यांच्या राशींत मला एक ॲस्ट्रा दिसली होती, पुढून चेपलेली, मागून धड. दोन्ही मागचे दिवे घेतले. गोधडीत गुंडाळून मांडीवर आणले, कारण ट्रॅव्हल्सच्या डिकीत लोक भाजीचे क्रेट टाकतात. अहमदपूरला रेल्वे नाही, हे दुःख मला निवडणुकीत एवढं जाणवत नाही जेवढं काचेचं सामान आणताना जाणवतं.

2010 मध्ये औरंगाबादच्या उद्योजक, डॉक्टर मंडळींनी मिळून दीडशे मर्सिडीज एकदम मागवल्या, तेव्हा देशभर बातमी झाली. अण्णांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली होती. त्या गाड्यांनाही आता पंधरा वर्षं झाली. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नव्यानं करावी लागते. त्याची सहाशे रुपयांची फी 2022 मध्ये पाच हजार झाली. त्यांची कंपनी चाकणला जागेवर आहे, त्यांना दुकानदार ‘नमुना आणा’ म्हणणार नाही. पण पंधराव्या वर्षानंतर जर्मन रबरही मराठवाड्याच्या उन्हात तडकतं, एवढं त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

रबराचंच नवं लचांड सध्या चालू आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल. त्यातलं काही आमच्याच भागातल्या उसाचं असणार, म्हणजे भावाच्या शेतातल्या रसानं माझ्या गाडीच्या नळ्या फुगायच्या. जुन्या नळ्या यासाठी केलेल्याच नव्हत्या. चाचांनी टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच्या सगळ्या बदलायला काढल्यात, आणि इथेनॉल सोसणारी नळी मीटरवर पुण्याहून मागवली आहे.

नळ्या येईपर्यंत गाडी चाचांकडं खोलून पडली आहे. तेवढ्यात उदगीरहून एकाचा फोन आला. त्याच्याकडं ॲस्ट्रा आहे, म्हशीनं धडक देऊन डावा मागचा दिवा फोडलाय, आणि कुणीतरी त्याला माझा नंबर दिला. किती घेणार, असं त्यानं विचारलं. पैसे नकोत, म्हटलं, मागच्या उजव्या दाराची काचेची मशीन काढून दे. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “त्या बाजूला आई बसती, दादा. तिला विचारून सांगतो.”